बकासुराचा गाडा व त्याचे उत्तरभाग : एक खान्देशी प्रबंध

विषयाची व्याप्ती आधी ठरवून घेऊ. दारात मरण उभं आहे, घरातली माणसं आत बसून एकमेकांशी हुज्जत घालताहेत आणि ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही, अशा कथेला प्रस्तुत प्रबंधात 'भयानक कुटुंब-विनोद' म्हटलं आहे. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणून विद्वान मंडळी अमेरिकेतल्या अ‍ॅडम्स कुटुंबाकडे बोट दाखवतात. चार्ल्स अ‍ॅडम्स या व्यंगचित्रकाराने १९३८ पासून 'न्यूयॉर्कर'मध्ये ही मंडळी रेखाटली, १९६४ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली आणि १९९१ मध्ये बॅरी सोननफेल्डने त्यांचा सिनेमा केला. हे सगळं मान्य. पण जळगावकराला एवढ्या लांब जायचं कारण नाही. एरंडोलपर्यंतची एसटी पुरते.

एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, असं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. तिथून जवळच पद्मालय आहे. गणपतीच्या दोन मूर्ती एकाच गाभाऱ्यात असलेलं हे देवस्थान, समोर कमळांचं तळं आणि भोवती जंगल. त्या जंगलातल्या भीमकुंडापाशी भीमाने बकासुराला लोळवलं, अशी समजूत आहे. बंगालात बीरभूम जिल्ह्यातलं एक गाव आणि बिहारातलं आरा हेही एकचक्रेवर हक्क सांगतात. त्यांचा दावा आम्ही वाचला, आदराने बाजूला ठेवला. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्याला वारले आणि त्यांच्या मागे तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. तेव्हापासून पुराव्यावाचून बोलायची सोय खान्देशात उरलेली नाही, याची प्रबंधकाराला पूर्ण जाणीव आहे. म्हणून पुढचं विवेचन थेट आदिपर्वावरून.

बकासुराची व्यवस्था अशी. गाडाभर भात, दोन रेडे आणि हे सगळं घेऊन जाणारा माणूस. आदिपर्वात याला चक्क त्याचं वेतन म्हटलं आहे. परचक्रापासून नगरीचं रक्षण करायचं आणि बदल्यात हे घ्यायचं. घराघराच्या पाळ्या लावलेल्या. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी वेष पालटून राहत होते, त्याच्याकडे एके दिवशी पाळी आली.

इथून पुढे जो प्रसंग आहे, तो आमच्या मते जगातला या प्रकारचा पहिला उत्तम प्रवेश. ब्राह्मण रडता रडता बायकोला काय म्हणतो? मी तुला आधीच सांगत होतो, हे गाव सोडू. तू ऐकलं नाहीस. तुझं माहेर इथलं ना! राक्षस दाराशी आलाय आणि वाद माहेरावर चाललाय. बायको मागे हटत नाही. म्हणते, मीच जाते. स्त्री म्हणून कदाचित तो मला सोडूनही देईल आणि नाहीच सोडलं तर तुम्हाला दुसरी करता येईल. (हे वाक्य कोणत्या सुरात म्हणायचं, यावर व्यासांनी टीप दिलेली नाही. खान्देशातली कुठलीही काकू ते बरोबर म्हणेल.) मग मुलगी पुढे सरसावते. आज ना उद्या मला दुसऱ्याच्या घरी धाडणारच आहात, मग आजच धाडा. तिघंही रडताहेत, तेवढ्यात बोबडं बोलणारं धाकटं पोर हातात गवताची काडी घेऊन सगळ्यांसमोर नाचवतं आणि सांगतं, या काडीने मी त्या राक्षसाला मारीन. त्या दुःखातही घरच्यांना आनंद झाला, असं ग्रंथ म्हणतो.

अ‍ॅडम्स कुटुंबातली वेन्सडे भावाला विजेच्या खुर्चीत बसवते, ती उद्योगी पोर आहे खरी. पण गवताच्या काडीची सर तिला नाही.

आता मुख्य क्षुल्लक प्रश्न : भात आला कुठून? आजचा एरंडोल तालुका कापूस आणि ज्वारीचा. पलीकडे यावल-रावेरकडे गेलात की केळीच केळी. भाताचा गाडा भरावा इतका भात इथे पिकवायला राक्षसाचीच भीती लागेल. पहिला पक्ष असा की भात पश्चिम खान्देशातून, साक्री-नवापूरकडून यायचा. तिकडे भात होतो आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्याहून थेट एरंडोलवरून जातो. म्हणजे राक्षस एरंडोलचा, भात धुळ्याचा, असा दोन जिल्ह्यांतला जुना सामंजस्य करार. दुसरा पक्ष जास्त धाडसी आहे. त्याच्या मते भात हा मागाहून घुसलेला पाठ असून मूळ गाड्यात भरीतच होतं. थंडीत शेतात काड्यांच्या जाळावर हिरवी-पांढरी मोठी वांगी काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, सोलून हिरव्या मिरचीसकट लाकडी भांड्यात ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी आणि बरोबर कळण्याची भाकर. अशा जेवणासाठी एखाद्याने नगरीचं रक्षण पत्करलं असेल तर त्याला राक्षस म्हणणं जरा कठोर होईल. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मुख्य अडचण मिरचीची. हिरवी मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांमागून आली, म्हणजे महाभारतकाळी भरीत बिनमिरचीचं. बिनमिरचीच्या भरतासाठी कोणी गावाचं रक्षण करणार नाही. सबब दुसरा पक्ष आम्ही जड अंतःकरणाने सोडतो.

गाडा घेऊन निघाला भीम. कुंतीने परस्पर कबूल केलं म्हणून युधिष्ठिर आईवर रागावला, तो भाग सोडून देऊ. भीमाची बाजू समजून घेतली पाहिजे. भिक्षेचं अर्धं अन्न तो एकटा खायचा आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीचे पाच जण भागवायचे, तरी याचं पोट अर्धंच. त्याच्यापुढे गाडाभर अन्न आलं. जंगलात पोचून त्याने बकासुराला नावाने हाका मारल्या आणि स्वतःच जेवायला बसला. राक्षस आला, चिडला, दोन्ही हातांनी भीमाच्या पाठीत गुद्दे घालू लागला. भीमाने वळूनही पाहिलं नाही. घास चालू. सगळं संपवून, हात-तोंड धुऊन, मग तो उठला. अख्ख्या कथेतलं सर्वांत भयानक आणि सर्वांत विनोदी दृश्य म्हणजे ही जेवणाऱ्याची पाठ. पंगतीत वाढपी मागून खांद्यावर हात ठेवतो तेव्हा खान्देशी माणूसही असाच वळत नाही.

सिनेमावाल्यांनी नेमका हाच प्रसंग उचलला, फक्त बापाचा मुलाला दिला. एकचक्रेला येण्याआधी भीमाने हिडिंब राक्षसाला मारून त्याच्या बहिणीशी लग्न केलं होतं. त्यांचा मुलगा घटोत्कच. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२१ मध्ये 'सुरेखाहरण' काढला आणि १९२५ मध्ये 'मायाबाजार'. पुढे १९५७ मध्ये के. व्ही. रेड्डींच्या तेलुगू-तमिळ 'मायाबाजार'मध्ये एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच लग्नघरचं सगळं जेवण एकट्याने फस्त करतो. गाड्याऐवजी मांडव आला, एवढाच फरक. पोट वारशाने आलं.

आता उत्तरभागांचा सिद्धांत. पहिल्या भागात राक्षस येतो, दुसऱ्या भागात नातेवाईक. अ‍ॅडम्सच्या १९९१ च्या सिनेमात बेपत्ता भाऊ परततो. १९९३ मध्ये घरात नवं बाळ येतं आणि त्या भावाचं लग्न लागतं. १९९८ चा तिसरा तर सरळ नातेवाइकांच्या मेळाव्यावरच आहे. तो थिएटरात न लागता थेट कॅसेटवर गेला, तेही योग्यच झालं. आमच्याकडे १९९३ मध्येच महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला. रामदास पाध्यांच्या बाहुल्यातला तात्या विंचू लक्ष्याच्या मागे लागला आणि २०१३ च्या दुसऱ्या भागात लक्ष्याच्या मुलाच्या. पण व्यासांनी हे सूत्र आधीच वापरून ठेवलं होतं. बक मेल्यावर त्याची घरची मंडळी आरडाओरड ऐकून बाहेर आली. भीमाने त्यांच्याकडून यापुढे माणूस मारणार नाही असं वचन घेतलं आणि सगळ्यांना जिवंत सोडलं. निर्माता दूरदृष्टीचा असला की असंच करतो. मग वनपर्वात बकाचा भाऊ किर्मीर, द्रोणपर्वात बकाचा आणखी एक भाऊबंद अलायुध. अलायुधाला तर भीमाने नव्हे, घटोत्कचाने मारलं. म्हणजे दुसऱ्या पिढीकडे सूत्रं सोपवण्याचा प्रकारही जुनाच.

या मालिकेत श्रेयनामावलीचा घोळ मात्र पहिल्याच भागात झाला. भीमाने प्रेत वेशीशी ओढून टाकलं आणि कोणी बघायच्या आत निघून गेला. सकाळी गाव जमलं. काल पाळी कोणाची होती, हे लोकांनी हिशेब करून काढलं आणि ब्राह्मणाला गाठलं. कुंतीने त्याला आधीच बजावलं होतं, माझ्या मुलाचं नाव काढू नको, लोक ती विद्या शिकायला त्याच्या मागे लागतील. त्यामुळे त्याने सांगितलं की कोणी मंत्रसिद्ध ब्राह्मण आला होता, त्याने हे केलं. गाव खूश, उत्सव साजरा झाला.

किर्मीराला मारेकऱ्याचं नाव बरोबर ठाऊक होतं. घरची मंडळी साक्षीला होतीच. पण मंत्राची गोष्टही त्याच्या कानावर गेली होती आणि तीच त्याला जास्त पटली. काम्यकवनात भीम समोर आल्यावर तो म्हणाला की याच्या अंगात बळ काही नाही, ब्राह्मणाच्या वेषात विद्येच्या जोरावर याने माझ्या भावाला मारलं. आणि त्याच समजुतीवर तो भीमाशी भिडला.