कासववाले आबा

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूर पट्ट्यात तीन गोष्टी पोसल्या: ऊस, राजकारण आणि आबा. ऊस कारखान्याला जातो, राजकारण मुंबईला जातं, आबा मात्र घरीच असतात. वय साठीच्या पुढं, अंगात पांढरा नेहरू शर्ट, खिशात दोन मोबाइल. त्यातला एक फक्त पाटकऱ्यासाठी. जमीन सणसर किंवा निमगाव केतकीच्या बाजूला, बंगला बारामतीत. आणि बंगल्याच्या हॉलमध्ये, उत्तरेच्या भिंतीला, काचेची टाकी. तिच्यात कासव.

हे कासव आधी पितळेचं होतं. वास्तूवाल्यानं सांगितलं म्हणून ताटलीत पाणी घालून ठेवलेलं. वर्ष गेलं, तरी उसाचं बिल लांबायचं ते लांबलंच. मग आबांनी स्वतःच निकाल लावला, "पितळ्याचं काय देणार? जितं आणा." पुण्याहून रुपयाच्या नाण्याएवढं हिरवं पिल्लू आलं, डोळ्यामागं तांबडा पट्टा. दुकानदार म्हणाला, हे एवढंच राहतं. रेड-इअर्ड स्लायडर नावाचं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं, आणि ते एवढंच राहत नाही. त्याची पाठ चांगली फूटभर होऊ शकते. आबांनी त्याचं नाव ठेवलं चेअरमन. एकदा दगडावर जाऊन बसला की खाली उतरायचं नाव घेत नाही म्हणून.

टाकी धुण्याच्या कामाला आबा कालव्याच्या भाषेत 'आवर्तन' म्हणतात. ते रविवारी सुटतं. पहिली काही आवर्तनं बघण्यासारखी होती. विहिरीत टाकतात तशी टीसीएल पावडर टाकीत टाकायचा बेत झाला. काच घासायला भांड्यांचा साबण निघाला. पाणी काढायला नळी तोंडात धरून ओढायची तयारी झाली, कारण आयुष्यभर ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल असंच काढलेलं. दर वेळी सूनबाई आडव्या आल्या. त्या बी.एस्सी. ॲग्री आहेत, म्हणजे घरात त्यांचं कुणी ऐकत नाही.

"आबा, तोंडानं ओढू नका. त्या पाण्यात साल्मोनेला असतो."

"आमी कालव्याचं पाणी पिऊन वाढलोय."

इथं शास्त्र संपलं. बाईंनी मग निराळी वाट धरली.

"आबा, ॲझोटोबॅक्टर क्लोरीनच्या पाण्यात कालवाल का?"

"खुळी का काय? मरंल की समदं!"

"मग फिल्टरच्या स्पंजात तसलेच जिवाणू बसलेत. चेअरमनच्या घाणीतून अमोनिया सुटतो, त्याचं ते नायट्रेट करतात. तुम्ही स्पंज नळाखाली धरला की वसाहत साफ."

आबा बराच वेळ टाकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी युरियावानीच की."

त्या दिवसापासून आबा बदलले. बागायतदाराला काही कळत नाही असं अजिबात नसतं. त्याला सगळं ठाऊक असतं, फक्त ते आपल्या वावरातलंच आहे हे कुणीतरी दाखवावं लागतं. आता स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हातानं पिळला जातो. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या पिंपात भरून ठेवलं जातं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. नाहीतर दुकानात मिळणारं औषध थेंब मोजून. सगळं पाणी एकदम काढायचं नाही, आठवड्याला पाव हिस्सा. आणि काढलेलं पाणी? नायट्रेटचं पाणी मोरीत ओतणं आबांना पाप वाटतं. ते नारळाला जातं. पालक-कोथिंबिरीला घालू नका, ही सूनबाईंची ताकीदही आता आबा स्वतःच्या नावावर सांगतात.

काचेवर पाण्याच्या रेघेला पांढरा थर धरतो. हा थर आबांना नवा नाही. कालव्याच्या पाण्यानं क्षारपड झालेली रानं या भागानं पुष्कळ पाहिलीत. माळेगावला तर २००९ पासून पिकांवरच्या दुष्काळ-क्षारांसारख्या अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. (चेअरमनच्या मनावरच्या ताणाचा विषय तिच्या कक्षेत येत नसावा.) टाकीचा थर मात्र पाण्यात कालवलेल्या पांढऱ्या व्हिनेगरनं जातो. फडकं ओलं करून पुसायचं, नंतर साध्या पाण्यानं दोनदा धुवायचं. तोवर चेअरमन झाकणाच्या टबात, मांजरापासून लांब.

विजेच्या बाबतीत आबांचा इतिहास वाईट आहे. रात्रीची लाइट आली की ओल्या हातानं मोटारीचा स्टार्टर दाबणारा हा माणूस. पण टाकीत हात घालण्याआधी फिल्टर आणि हीटरचे प्लग तो आता स्वतः उपसतो, हीटर निवेपर्यंत पाणी काढू देत नाही. चालू हीटर उघडा पडला की त्याची काच तडकते. भरलेली टाकी सरकवायची नाही, हाही नियम आबांनी हिशेबानं पटवून घेतला: तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल म्हणजे तीन घनफूट, ८५ लिटर, ८५ किलो. साखरेचं पोतं ५० किलोचं, आणि त्याला काचेचे सांधे नसतात.

मोठं भांडण झालं ते स्वयंपाकघरातल्या सिंकवरून. आबा दगड तिथं धुवायला गेले, आबांच्या पत्नी आक्कांनी उलथनं उचललं. सूनबाईंनी आक्कांच्या बाजूनं दाखला दिला की अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ सालीच बंदी घातली, कारण पोरं ती तोंडात घालून आजारी पडत होती. नातू चेअरमनचा मुका घेतो हे आठवून आबा गप्प बसले. आता कासवाची बादली वेगळी, ब्रश वेगळा, धुणं मागच्या मोरीत, आणि काम झालं की सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे. चेअरमनला मात्र साबण नाही.

मध्येच गड्यानं कालव्यातून एक गावठी कासव आणलं, 'जोडी हुईल' म्हणून. आपली रानटी कासवं घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. सूनबाई वन खात्याच्या १९२६ नंबरला फोन लावतायत म्हटल्यावर गडी कासव घेऊन आल्या वाटेनं पळाला आणि जिथलं तिथं सोडून आला.

पाहुणे सल्ला देतात, "एवढा मोठा झालाय, उजनीत सोडा की. पुण्य लागंल." इथं आबांमधला इंदापूरकर जागा होतो. भिगवणच्या बाजारात त्यांनी चिलापीचे ढीग पाहिलेत. "चिलापी बी भायरनंच आलीती. आता उजनीत दुसरा मासा हुडकावा लागतोय," असं म्हणून आबा पाहुण्याला चहा दुसऱ्यांदा विचारत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. हे परदेशी कासव जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत आहे.

उसाचे दोन-तीन खोडवे घेतले की रान मोडता येतं. हे कासव नीट सांभाळलं तर तीस वर्षंही जगतं. तेव्हा उत्तरेच्या भिंतीला टाकी लावण्याआधी वास्तूवाल्याला नव्हे, नातवाला विचारा की २०५० साली रविवारचं आवर्तन कोण सोडणार आहे.