सगळं बदललं, नाव तेवढं राहिलं

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात मध्ये एकच घर सोडून राहणारी दोन कलमं आहेत. पन्नासावं म्हणतं, गाडी विकली की नाव बदला. बावन्नावं म्हणतं, कंपनीने जशी दिली आणि आरसी बुकात जशी लिहिली, त्यात फेरफार करू नका. जुनी जीप, बोलेरो किंवा थार घेऊन तिची 'ऑफ-रोड' करण्याचा जो छंद सध्या बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात जोरात आहे, त्यात ही दोन्ही कलमं मनापासून पाळली जातात. फक्त त्यांच्या पत्त्यांची अदलाबदल झाली आहे. जे बदलू नका म्हटलंय ते पाटे, टायर, बंपर, दिवे, सायलेन्सर असं झाडून सगळं बदललं जातं. आणि जे बदला म्हटलंय त्या नावाला कुणी बोट लावत नाही. लोक याला बेशिस्त म्हणतात, पण ते चूक आहे. इतकी काटेकोर उलटी शिस्त सहजासहजी जमत नसते.

व्यवहार कसा होतो ते बघा. गाडी बहुतेक वेळा 'पुण्याच्या डॉक्टरची, सिंगल हँड' असते. मराठवाड्यात आलेल्या सगळ्या सिंगल हँड जीपा मोजल्या तर पुण्यात पेशंट तपासायला कुणी उरलं असेल का, अशी शंका येते. भाव ठरतो, इसार दिला जातो, पाचशेच्या बाँडवर नोटरी होते आणि टीटी फॉर्मवर जुन्या मालकाची सही घेतली जाते. या फॉर्मची सरकारी नावं नमुना २९ आणि ३०. त्यावर चेसीस नंबरची छाप लागते: चेसीसवर जिथे आकडे ठोकलेले असतात तिथली माती पुसायची, कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, की गंजाच्या खाचांतून एकेक आकडा वर येतो. गाडीची खरी ओळख पटवणारं हे काम पाच मिनिटांचं आहे आणि त्यासाठी लागणारं एकमेव हत्यार पेन्सिल. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. पण घेणाऱ्याचं नाव लिहायची जागा कोरीच राहते, फॉर्म घडी करून डॅशबोर्डच्या खणात जातो आणि गाडी थेट गॅरेजला. दिल्लीकडची गाडी असेल तर आणखी सोपं. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये टाच आणल्यापासून अशा गाड्या बाहेर स्वस्तात निघू लागल्या. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, इथला कर भरावा लागतो. म्हणून काही जण 'डीएल' पाटी वर्षानुवर्षं तशीच जपतात. बाकी सगळी गाडी ओळखू येणार नाही इतकी बदललेली असते, त्यामुळे पाटी तेवढी माहेरची राहते.

नावात काय आहे, असं कुणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालय म्हणतं, नावातच सगळं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात निकाल दिला. गाडी पहिल्या मालकाने विकली होती, ती पुढच्याने विकली, त्याच्या पुढच्याने विकली. पण नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली. भरपाईची जबाबदारी कुणाची? ज्याचं नाव नोंदीत, त्याची. म्हणजे तालुक्यातल्या रायमोह्याच्या वळणावर इथल्या एखाद्या हौशी माणसाने कुणाला उडवलं, तर गाडी विकून बसलेल्या पुण्याच्या त्या डॉक्टरला नोटीस जाणार. घेणाऱ्यालाही यातून सुटका आहे असं नाही. विमा एकाच्या नावावर, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि गाडीचा आकार तिसऱ्याच्याच डोक्यातला, हे प्रकरण विमा कंपनीपुढे गेलं की तिचा वकील पहिल्यांदा आनंदाने चष्मा पुसतो.

आता बावन्नाव्या कलमाकडे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १८२-अ कलम नव्याने लिहिलं गेलं: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द ज्याने घातले त्याला आपल्याकडच्या गाड्यांची चांगली माहिती असावी. उंची वाढवली पाच, टायर पाच, पुढचा लोखंडी बंपर पाच, छपरावरची लाइटची पट्टी पाच, सायलेन्सर पाच. खर्चाचा अंदाज गॅरेजवाला देतोच, कायद्याने त्याच नमुन्यात दुसरा अंदाज दिला आहे. बंपरची गंमत वेगळीच. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिलं होतं. धडकेचा जोर गाडीच्या पुढच्या भागाने चुरगळून गिळायचा असतो. गार्ड तो जोर सरळ चेसीसकडे पोचवतो, एअरबॅगचा हिशोब बिघडवतो आणि समोरच्या पायी माणसाला काही संधीच ठेवत नाही. नंबरपाटीचंही तेच. ८०५५ चं इंग्रजीत 'बॉस' आणि २१४ चं 'राम' करण्यात जी कल्पकता खर्च होते, तिच्या दहाव्या हिश्शात नमुना ३० भरून झाला असता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदार आहे: आमच्याकडे रस्ते आहेत कुठे? वस्त्यांना, तांड्यांना, वाड्यांना जाणारी वाट पावसाळ्यात काय होते ते पुण्या-मुंबईत बसून कळणार नाही. अगदी मान्य. पण मग काळ जुळवून बघू. तालुक्यात खरोखर रस्ते नव्हते तेव्हा काळी-पिवळी कमांडर होती. बहुतेकींची फक्त मागची चाकं ओढायची. आत बारा, मागे लटकलेले सहा, टपावर शेरडं आणि ज्वारीची पोती, आणि ती बालाघाटाच्या चढाला लागायची. तिला कुणी 'ऑफ-रोड' म्हटलं नाही, कारण ऑन-रोड काय असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. नाथांची पालखी तर शतकानुशतकं रायमोह्यावरून पंढरीला जाते आहे, लिफ्ट किट न बसवता. आज त्याच पैठण-पंढरपूर वाटेवर राष्ट्रीय महामार्ग आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर ते बीड रेल्वेही धावू लागली, तीही याच तालुक्यातून. आणि नेमका आता, डांबर, सिमेंट आणि रूळ दारात आल्यावर, आपल्याला दऱ्याखोऱ्यांची गाडी लागायला लागली. गरज आणि वाहन यांचा असा उलटा संबंध दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसत नाही.

शिवाय ज्याचा रस्ता खरंच खराब आहे तो माणूस कोण? दोन्ही बाजूंना दुधाची कॅन लटकवून पहाटे डेअरी गाठणारा. दसऱ्यानंतर बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादून कारखान्याला निघणारी ऊसतोडीची जोडी. बाळंतपणाच्या कळा येऊन १०८ ची वाट बघणारी बाई. यांतल्या एकाकडेही रुंद खाचांचे टायर नाहीत. चिखलात रुतलेल्या लिफ्टवाल्या बोलेरोला बाहेर काढायला शेवटी ज्याला फोन जातो तो ट्रॅक्टरवाला, त्याच्याही गाडीला एलईडी पट्टी नसते. पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना काढली. शेताची वाट व्हावी म्हणून तिच्यासाठी ग्रामसभेत भांडावं लागतं, शेजाऱ्याचा बांध सोडवावा लागतो. ते किचकट आहे. त्यापेक्षा वाट तशीच ठेवून स्वतःपुरती गाडी चार इंच उचलणं सोपं. वाटेचा प्रश्न असा एकेका चेसीसवर सुटत गेला तर बांधकाम खात्याला फारच बरं.

आणि उचललेली गाडी त्या वाटेवर चालते तरी का? इथे कायदा बाजूला ठेवून नुसता हिशोब करू. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण पावणेअठ्ठावीस इंच. त्या जागी एकतीस इंची टायर बसवला की चाकाचा घेर सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो. गिअरबॉक्सला आणि काट्याला ही बातमी कुणी देत नाही. काटा ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी नव्वदच्या घरात असते. चाक मोठं झाल्याने पहिल्या गिअरची ओढ कमी होते, म्हणजे ज्या चढासाठी हा सगळा खटाटोप, त्याच चढावर क्लच जळायला लागतो. जड चाक थांबवायला ब्रेक मात्र जुनेच. उंची वाढवली की गुरुत्वमध्य वर जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर वाजायला लागतात. एवढं करून गाडी फोर बाय फोर नसेल तर काळ्या मातीत मागचं एक चाक जागेवर गरगरतं आणि दुसरं शांत उभं राहतं, कारण साधा डिफरन्शियल सगळं फिरणं मोकळ्या सुटलेल्या चाकालाच देतो. राहता राहिला स्नॉर्कल, तो छपरापर्यंत जाणारा काळा नळ. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, जानेवारीपासून टँकरची चर्चा करणाऱ्या प्रदेशात गाडीला पाण्याखाली श्वास घेता यावा ही दूरदृष्टी मोठीच. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा नदीला पूर आला, तेव्हा तरी नळाचा उपयोग झाला असेल, असं म्हणाल. पण नळ हवा देतो, पकड देत नाही. पाण्याला ओढ असली की दोन टनांची गाडीही आधी तरंगते आणि मग वाहते. नळवाली गाडी वाहून जाताना इंजिन चालू राहील, हा फरक मान्य केला पाहिजे.

दुसरा आक्षेप हौसेचा. सगळ्या गोष्टी उपयोगाच्या तराजूत घालायच्या तर मग बैलाची शिंगं कशाला रंगवायची? हे बरोबरच आहे. हौस हवीच, आणि या हौसेला महाराष्ट्रात रीतसर जागाही आहे. महिंद्राचं ऑफ-रोड प्रशिक्षणाचं मैदान इगतपुरीजवळ आहे. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा भरते. तिथल्या गाड्या आपल्या गाड्यांपेक्षा दसपट विचित्र दिसतात आणि त्यात वावगं काहीच नाही, कारण त्या चिखलासाठी केलेल्या असतात आणि चिखलातच चालतात. आपल्या गाडीचा चिखलाशी संबंध मात्र धुण्यापुरता. तिचा खरा मुलूख म्हणजे तहसीलसमोरची जागा, लग्नाचा मांडव, वाढदिवसाचा फ्लेक्स आणि आमदार येणार त्या दिवशीचा ताफा. शिवाय बैल पोळ्याला मिरवून झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा औताला जातो.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा: यावर गॅरेजवाल्यांची घरं चालतात. हा मुद्दा मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नये. जुन्या जीपवर हात बसलेला मिस्त्री ही तालुक्याची दौलत आहे. तो नुसत्या आवाजावरून बेअरिंग सांगतो. स्टिअरिंग बॉक्सची खोट, किंगपिनची झीज, पाट्यांची बुशिंग, ब्रेकचे कडक झालेले होज, चेसीसच्या आतून पोखरत गेलेला गंज हे सगळं त्याला दिसतं आणि दुरुस्तही करता येतं. पंधरा वर्षांच्या गाडीला हेच काम आधी लागतं. हे सगळं धडपणे केलं तर चांगली रक्कम लागेल, मिस्त्रीला चांगली मजुरीही मिळेल आणि बावन्नाव्या कलमाचा यातल्या एकाही कामाला विरोध नाही. पण हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, "ते नंतर बघू, आधी टायर चढवा." अशा रीतीने कान लावून इंजिन ओळखणारा माणूस दिवसभर वायरिंग कापून हॉर्न जोडत बसतो. त्याच्या रोजगाराची ज्यांना काळजी आहे त्यांनी त्याच्या हुन्नराचीही थोडी करावी. आणि कायद्याला सगळेच बदल डोळ्यांत खुपतात असंही नाही. दिव्यांग माणसाला चालवता यावी म्हणून गाडी बदलायची असेल तर त्याची वाट कायद्यातच ठेवली आहे, रीतसर मंजुरीने सीएनजी किट बसवता येतं. पायाऐवजी हाताने चालणारा ब्रेक बसवणाऱ्या मिस्त्रीची कामगिरी खरं तर फ्लेक्सवर लावण्यासारखी आहे.

शेवटचा आक्षेप सांगतात हळू आवाजात: नाव करायला फार त्रास आहे. बीडला खेटे, एजंट, जुन्या कर्जाचा बोजा, जुने चलान. त्रास आहे, यात वाद नाही. पण नाव बदलण्याचं सरकारी शुल्क शेकड्यांत आहे आणि टायरचा एक जोड हजारांत. टायरसाठी दुसऱ्या जिल्ह्यात चकरा मारताना हाच माणूस थकत नाही. मग असं मानावं लागतं की नाव न बदलणं हाही एक जाणूनबुजून बसवलेला पार्टच आहे, आणि सगळ्यांत स्वस्त. त्याने चलान परस्पर दुसऱ्याच्या मोबाइलवर जातं. काही बरंवाईट घडलं तर शोध पुण्याच्या कोथरूडपासून सुरू होतो. आणि गाडी पुन्हा विकायची वेळ येते तेव्हा मध्ये आणखी एक मालक झाला होता हे आरसी बुकाला कळतच नाही. गाडी सिंगल हँडची सिंगल हँडच.

ती वेळ दोन-तीन वर्षांत येतेच. तेव्हा गोठ्यामागे टाकलेले मूळ पाटे शोधून काढले जातात, कंपनीचे टायर कुणाकडे गहाण पडले असतील तिथून सोडवून आणले जातात, नळ काढून तिथलं भोक पुट्टी भरून रंगवलं जातं आणि मिस्त्री बसवण्याइतकीच मजुरी काढण्याचीही घेतो. कारण नवं गिऱ्हाईक जाहिरातीत पहिल्यांदा एकच ओळ वाचतं: 'कंपनी कंडिशन, कसलंही काम केलेलं नाही.' खणातला टीटी फॉर्म अजून कोराच असतो. पेन्सिलची छाप थोडी पुसट झालेली असते, एवढंच.