अजून एकच!

हौशी वादकाला किती गिटारी पुरतात? घरात आहेत त्याहून एक जास्त. स्ट्रॅटोकास्टर आली की टेलिकास्टरचा टणत्कार छळू लागतो, मग लेस पॉलचा भरदारपणा. शिवाय हिरवं ट्यूब स्क्रीमर पेडल हाताशी असताना त्याचाच जुना, 'अस्सल' अवतार हवा. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, हा ऐकणाऱ्याचा दोष.

उलट गायक विली नेल्सन १९६९ पासून एकच मार्टिन गिटार वाजवतो. तिला भोक पडलं तरी. ब्रायन मेने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, नेक तर जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, आणि तिच्यावरच क्वीन हा बँड गाजवला. बिचाऱ्यांना पर्याय ठाऊक नसावेत.

आमच्या हौशी मंडळींची एफ कॉर्ड अजून खडखडते. कारण मात्र सापडलंय: नेक जाड आहे. बारीक नेकची पाहून ठेवलीय, हप्त्यावर मिळते.