कावळा माइकची वाट बघतो

पिंड कधीचे मांडून झालेत. महाराजांचं प्रवचन संपलंय. उन्हं डोक्यावर आलीत आणि आता निवेदक माइक हातात घेऊन कागदाची घडी उलगडतो. दहाव्याला घाटावर उभं राहिलेल्या कुणालाही या घडीची धास्ती कळेल. तीत जिल्हा परिषदेपासून दूध सोसायटीपर्यंतचे आजी, माजी आणि भावी सगळे असतात. आचारसंहितेच्या दिवसांत सभेला परवानगी लागते. दहाव्याला ती मागायला कोण जातो?

कावळ्याला मात्र आपण फुकट बदनाम केलंय. तो शिवत नाही, म्हणून म्हातारीची काही इच्छा राहिली असं धरून नातेवाईक हात जोडून एकेक कबूल करत सुटतात. धाकट्याचं लग्न करू, बांधाचं भांडण मिटवू, गाय विकणार नाही. अहो, तिचं काही राहिलेलं नाही! पिंडाच्या वर दोन कर्णे बांधलेत, त्यांतून अख्खी पंचायत समिती बोलतेय, कुठला शहाणा पक्षी खाली उतरेल? ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवावा, असा 2000 सालचा नियम आहे. घाट मात्र भरतो तोच सकाळी. तेव्हा कावळा समोरच्या बाभळीवर बसून 'दोन शब्द' संपायची वाट बघतो. दोन शब्द म्हणजे साधारण वीस मिनिटं.

या वीस मिनिटांत म्हातारी एकदाच येते, तीही चिठ्ठीत बघून. 'कैलासवासी...' मग चिठ्ठी चष्म्यापाशी. '...यांचा आणि माझा घरोबा जुना.' तिथून भाषण सरळ बंधाऱ्यावर, बंधाऱ्यावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून याच घाटाच्या शेडवर, जिच्यावर निधी देणाऱ्याचं नाव रंगवलंय. कार्यकर्ता कानाशी येऊन पुढच्या दहाव्याची वेळ सांगतो, कारण आज तीन गावांत मयतं... म्हणजे कार्यक्रम आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना देणारा कायदा राज्यात 2011 साली झाला. घाटावर मात्र सरपंचबाईंच्या वतीनं त्यांचे यजमान श्रद्धांजली वाहतात आणि बाई मागं बायकांत उभ्या. तिथंच ती सूनही उभी असते, जिनं चार वर्षं म्हातारीचं हगणंमुतणं काढलं. म्हातारीला रात्री काय दुखायचं, कुणाची आठवण यायची, शेवटी ती काय बोलली, हे त्या गर्दीत एकटीला ठाऊक. तिच्या हातात माइक द्यावा असं एकाही माणसाला वाटत नाही! लाज कशी वाटत नाही म्हणतो मी, मेलेल्या बाईच्या नावावर स्वतःची जाहिरात वाजवायला?

'वेळेअभावी कुणाचं नाव राहिलं असल्यास मोठ्या मनानं माफ करावं,' असं म्हणून निवेदक घडी खिशात घालतो. माफ कुणी करत नाही. तेराव्याची भांडी मांडववाल्याकडं परत गेली की डोकं भादरलेला मुलगा नारळ आणि शाल घेऊन राहिलेल्या नावाच्या बंगल्यावर जातो, आईच्या दहाव्यात झालेली चूक पोटात घाला म्हणून सांगायला. साहेब मळ्यात गेलेले असतात. त्याला ओट्यावर बसवून ठेवतात.