डिफॉल्टरावांस खुले पत्र

श्रीमान डिफॉल्ट ड्युरेशन यांस,
मुक्काम पोस्ट प्रेफरन्सेस, पार तळाशी.



आपला पत्ता शोधण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली. मेनूच्या पोटात मेनू, त्याच्या पोटात आणखी एक मेनू, आणि तिथे एका चिमुकल्या चौकटीत आपण ‘५ सेकंद’ एवढीच पाटी लावून बसलेले. अधिकार केवढा आणि राहणी किती साधी! बघून भरून आलं.

आधी आपल्या पराक्रमाबद्दल. आम्ही मुलांसाठी एक छोटी गोष्ट करतोय. कट-आउट पद्धतीने, म्हणजे आजी, मांजर, वाड्याची ओसरी अशी सुटी चित्रं इम्पोर्ट करायची, लेयरवर लेयर रचायचे आणि हलवायचे. शॉट नऊ सेकंदांचा. आजी तांदूळ निवडता निवडता नातवाशी बोलतायत, शेजारी मांजर पाय चाटतंय. पाच सेकंदं सगळं यथास्थित. आणि मग ओसरी गेली. खांब गेले, कोनाडा गेला, पायाखालची फरशी गेली. मिट्ट काळोखात आजी अधांतरी बसून तांदूळ निवडतायत, तोंडाने बोलणं चालूच. क्लायंटने दोनदा पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “आजी वारल्या का?”

नाही हो. आजींना काही झालेलं नाही. ओसरीचा कालावधी संपला.

आपली बाजू मला मान्य आहे. साध्या पीएनजी किंवा जेपेग फाइलमध्ये रंग असतात, लांबी-रुंदी असते, वेळ मात्र नसतो. एक चित्र किती काळ दिसावं हे त्या बिचाऱ्या फाइलला कुठून ठाऊक असणार? कुणीतरी ते ठरवायलाच हवं, आणि आपण निःस्वार्थपणे पुढे आलात. फक्त एवढंच सांगायचंय की या कामी आपल्यापेक्षा वयाने मोठी मंडळी जास्त प्रामाणिक निघाली. जीआयएफचं बघा. १९८९च्या आवृत्तीपासून त्या फाइलमध्ये प्रत्येक चित्रासोबत ते किती वेळ थांबायचं हे सेकंदाच्या शंभराव्या भागांत लिहून ठेवता येतं. म्हणजे आज जे फॉरवर्डच्या ‘शुभ सकाळ’मध्ये फुलं हलवण्यापुरतं उरलंय, त्यालाही वेळेची जाण आहे.

बरं, चौकटीतला आकडा आम्ही बदलला. पाचाचे नऊ केले, ओके दाबलं, मोठ्या आशेने टाइमलाइनवर परत आलो. ओसरी पाचव्या सेकंदालाच संपत होती. मग कळलं की आपला जीआर पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही. नवं चित्र आणाल त्याला नवा नियम. जी आधीच येऊन बसलीत त्यांच्या नशिबी जुनाच. लेयरचं उजवं टोक धरून ओढलं की स्थिर चित्र लांबतं, हे खरं. पण ओसरी, खांब, तुळस आणि सावली मिळून आम्ही प्री-कॉम्प, म्हणजे सगळ्यांचं एकच गाठोडं, केलेला होता, आणि प्री-कॉम्पचं टोक पाच सेकंदांपलीकडे हलायला तयार नाही. आत शिरा, आतल्या कॉम्पची लांबी वाढवा, मग आतला एकेक लेयर वाढवा, मग बाहेर या आणि बाहेरचं टोक ओढा. यातली एक पायरी चुकली तर तुळस राहते आणि वाडा जातो.

आमच्याकडच्या एका हुशार मुलाने यावर तोडगा काढला: सगळंच निवडायचं आणि टाइम स्ट्रेच द्यायचा, १८० टक्के. गणित अचूक होतं, पाचाचे बरोबर नऊ झाले. त्याबरोबर कीफ्रेमही, म्हणजे हालचालीच्या खुणाही, ताणल्या गेल्या. आजी अफूची गोळी घेतल्यासारख्या तांदूळ निवडू लागल्या, आणि ओठ आवाजाच्या मागे असे घुटमळायला लागले की लिप-सिंक हा शब्द उच्चारायचीही लाज वाटावी. चित्र जास्त वेळ थांबवणं वेगळं आणि त्याची हालचाल मंद करणं वेगळं. हा फरक त्या पोराला आता कळलाय. आपल्याला कळायचाय.

आपले एक चुलतबंधू आहेत, त्यांचाही उल्लेख करायलाच हवा. आपण सुटी चित्रं सांभाळता, ते चित्रांची रांग सांभाळतात. फोल्डरमध्ये क्रमांकवार ठेवलेली चित्रं सीक्वेन्स म्हणून आणली की हे साहेब न विचारता ती सेकंदाला ३० या वेगाने चालवतात. आमचा प्रोजेक्ट २४चा. म्हणजे एका सेकंदासाठी काढलेली २४ चित्रं ०.८ सेकंदात खलास, आणि वर दर पाच चित्रांमधलं एक दिसतच नाही. आजीच्या डोळ्यांची उघडझाप आम्ही हाताने काढलेली. त्यात पापणी पूर्ण मिटलेलं चित्र एकच, एकाच फ्रेमपुरतं. नेमकं तेच गळलं. आता आजी डोळे अर्धे मिटतात, विचार बदलतात आणि पुन्हा उघडतात. फ्रेम-फ्रेम पुढे जाऊन बघेपर्यंत हे पकडता येत नाही. नुसतं वाटत राहतं की म्हातारी काहीतरी लपवतेय.

आणि हा ३० आला कुठून? अमेरिकेतल्या विजेच्या तारांतून. तिकडे वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून टीव्हीचं चित्र सेकंदाला ३०. पुढे १९५३मध्ये रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं तेव्हा त्याचे २९.९७ झाले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आणि टीव्हीचा हिशेब २५चा. बोलपट आल्यावर सिनेमा २४वर स्थिरावला. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत एका मराठी आजीच्या पापणीचा निकाल परदेशातल्या वीजमंडळाच्या वारशाने लागावा, यालाच जागतिकीकरण म्हणत असावेत.

कागदावर काम चालायचं तेव्हा अ‍ॅनिमेटरच्या उशाला एक्स-शीट असायची. उभा लांब तक्ता, प्रत्येक ओळ म्हणजे एक फ्रेम, प्रत्येक स्तंभ म्हणजे एक थर, बाजूला संवादाचे उच्चार तुकडे करून लिहिलेले. कुठलं चित्र किती फ्रेम थांबणार हे तिथे माणूस पेन्सिलीने लिहायचा. साधारण काम ‘टूज’वर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम, सेकंदाला १२ चित्रं, पळापळ असेल तर ‘वन्स’वर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६मध्ये उभा राहिला तेव्हा डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते, आणि अ‍ॅनिमेटर राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्याच्याही कितीतरी आधी, १९१२च्या सुमारास, दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याला कोंब फुटताना थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपली होती. कॅमेऱ्याची कळ कधी दाबायची, हे त्यांना कुठल्या चौकटीने सांगितलं नव्हतं.

आता आमचाच शॉट घ्या. नातू विचारतो, “आजी, तू कधी रडलीस का गं?” आणि आजी लगेच उत्तर देत नाहीत. हात तांदळात थांबतो. तो आठ फ्रेम थांबला तर आजींना प्रश्न नीट ऐकू आला नाही असं वाटतं. वीस फ्रेम थांबला तर ऐकू आलाय, आणि उत्तरही आहे. चित्र तेच, रेघ तीच. सगळा अभिनय त्या बारा फ्रेममध्ये आहे. ते ठरवण्यासाठी आम्ही भांडतो, पुन्हा पुन्हा लावून बघतो, चहा गार करतो. आणि आपण ‘पाच’ म्हणून मोकळे.

आपल्या धंद्यातले काहीजण जरा सभ्य आहेत, हे नोंदवतो. ते चित्राला कॉम्पच्या, म्हणजे अख्ख्या शॉटच्या, लांबीइतकं आयुष्य देतात. पण उद्या कॉम्प वाढवला की तेही हात वर करतात आणि चित्र जुन्या टोकाला थांबतं, तेव्हा फार स्तुती नको.

मागणं मोठं नाही. चित्र आणताना एक ओळ विचारा: किती फ्रेम? सेकंद नकोत, फ्रेम. सीक्वेन्स असेल तर प्रोजेक्टचा वेग आधी बघा, मग तोंड उघडा. आणि नियम बदलला तर आधी आलेल्यांनाही तो लावायचा का, एवढं विचारण्याची तसदी घ्या.

तोवर आम्ही आपल्या चौकटीत ‘१० मिनिटं’ लिहून ठेवली आहेत. चित्र लांबलं तर कापता येतं. आकडा आपल्या डोळ्यांत खुपेल, पण इलाज नाही.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक अ‍ॅनिमेटर