मेथीदाणे माझे नव्हेत

माझं नाव इथं लिहीत नाही, कारण उपयोग नाही. सदाशिव पेठेत उभं राहून त्या नावानं हाक मारली, तर तीन गॅलऱ्यांतून माणसं डोकावतात. त्यांतला एक लेखक निघाला. मेथीदाण्यांनी मधुमेह कसा आटोक्यात ठेवावा यावर त्याचं पुस्तक आहे आणि ते खपतं. माझ्या कवितासंग्रहाचं प्रकाशन झालं, त्या संध्याकाळी मावशीनं फोन करून विचारलं, "दाणे रात्री भिजत घालायचे की सकाळी?"

मराठीत या दुखण्यावर आद्याक्षरांचा उतारा आहे. पुरुषोत्तम यशवंत आणि पुरुषोत्तम लक्ष्मण, दोघेही देशपांडे. मधल्या 'य' आणि 'ल'वर दोघांचे संसार सुखानं झाले. साहित्य अकादमीनं पु. यं.ना १९६२चा पुरस्कार दिला, पु. लं.ना १९६५चा, पत्ता चुकला नाही. आमच्यात मात्र दोघांचेही वडील दत्तात्रय.

मग टोपणनाव. त्यात पहिला मान भावंडांचा. कुसुम धाकटी, म्हणून शिरवाडकर कुसुमाग्रज झाले. गोविंद धाकटा, म्हणून गडकरी गोविंदाग्रज. मी पडलो शेंडेफळ. 'रमेशानुज' म्हणताच थोरले बंधू उखडले, "तुझ्या कर्जाला जामीन राहिलोय, तेवढं पुरे." केशवसुतांच्या वाटेनं जाऊन 'दत्तसुत' केलं, तर हिनं विचारलं, "उदबत्तीचा धंदा कधी सुरू करताय?" एकाक्षरी काही घ्यावं, तर नारायण मुरलीधर गुप्त्यांनी 'बी' आधीच पटकावलेलं. अर्थात मेथीवाल्याच्या शेजारी ते मला चाललंही नसतं.

शेवटी चर्चिल आठवले. १८९९ साली विलायतेतल्या तरुण चर्चिलना कळलं, की अमेरिकेत विन्स्टन चर्चिल नावाचाच एक कादंबरीकार आहे आणि त्याचं नाव आपल्याहून मोठं आहे. त्यांनी पत्र धाडलं, की यापुढं आपण 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करू. अमेरिकन गृहस्थांनी उलट टपाली कळवलं, मला आणखी एखादं नाव असतं तर मीही लावलं असतं. (मधलं नावच नसलेला माणूस! आपल्याकडे त्याचा रेशनकार्डाचा अर्जसुद्धा परत आला असता.)

मीही मेथीवाल्यांना असंच चार पानी, नम्र पत्र लिहिलं. आठवड्यात पोस्टकार्ड आलं: "नाव खुशाल वापरा. तुम्ही कविता करता हे माझ्या वाचकांना अद्याप कळलेलं नाही, तेव्हा माझी हरकत नाही."

संग्रह आहे त्याच नावानं बाजारात आहे. वाचकांना विनंती एवढीच, की फोन लावण्याआधी मुखपृष्ठ पाहावं. चंद्र असेल तर पुस्तक माझं. दाण्यांचं प्रमाण मला विचारू नये.