सही सरांची, चर्चा तिची

प्राध्यापकाच्या ‘प्रेमा’वरची कादंबरी हातात आली की मी आधी त्यातली गुणपत्रिका शोधते. जे. एम. कुट्झी यांच्या ‘डिसग्रेस’मध्ये (1999) ती सापडते. केपटाउनमधला 52 वर्षांचा डेव्हिड लुरी आपल्या वर्गातल्या मेलानीच्या मागे लागतो, तिच्या खोलीवर जाऊन थडकतो. ती वर्गात येईनाशी होते, तरी तो तिची हजेरी लावतो आणि तिने न दिलेल्या परीक्षेचे 70 गुण वहीत मांडून ठेवतो. या कादंबरीवर समीक्षकांनी ढीगभर लिहिलंय. माझं बोट त्या सत्तरवरून हलत नाही. ज्याला न दिलेल्या परीक्षेचे गुण देता येतात, त्याला दिलेल्या परीक्षेत नापासही करता येतं. मेलानीला हे कळत नसेल? मग तिच्या गप्प राहण्याला होकार कसं म्हणायचं?

चौकशी समितीपुढे लुरी आरोप मान्य करतो, पण मेलानीचं निवेदन वाचत नाही. ते वाचायचीसुद्धा त्याला गरज वाटत नाही!

आपल्याकडे विजय तेंडुलकरांनी 1967 साली याहून पुढचं दाखवलं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधले प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाहीत. लीला बेणारे त्यांची विद्यार्थिनी नव्हे, कमावती शिक्षिका. तिने त्यांच्या बुद्धीची भक्ती केली, त्यांना तिचं शरीर तेवढं हवं होतं. गर्भ दोघांचा, पण नाटकातल्या लुटुपुटूच्या खटल्यात आरोपी ती एकटी. सुखात्मे दोन्ही बाजूंचे वकील. सामंत साक्ष देतो तीही हातातल्या एका कादंबरीच्या आधाराने, आणि ती कोर्टाला चालते. नोकरी जाते ती बेणारेची. दामल्यांच्या नोकरीचा प्रश्न कुणाच्या तोंडी येत नाही.

आता नाटक-कादंबरीतून बाहेर, संभाजीनगरजवळच्या बिडकीनला या. ऑरिक या औद्योगिक शहराचे रुंद रस्ते झाले, मोठमोठ्या कारखान्यांची नावं कानावर येतात. पैठण रोडने रोज संभाजीनगरला शिकायला जाणारी इथली मुलगी पीएच.डी.पर्यंत पोचली, तर ती बहुधा घरातली पहिलीच. तिचा प्रगती अहवाल, फेलोशिपचे कागद, शेवटी प्रबंध, सगळ्यावर मार्गदर्शक सरांची सही. रात्री अकराला सरांचा फोन आला तर तो न उचलण्याची किंमत तिला पुरती ठाऊक असते. आणि बोभाटा झालाच, तर सर दुसऱ्या दिवशी तासावर असतात, मुलीचं शिक्षण मात्र बंद होतं. घरचे स्थळं बघायला लागतात. गावात विचारतात, ‘ती गेलीच कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांत बायकाही असतात, याचा मला जास्त संताप येतो.

लैंगिक छळाविरुद्ध कायदा नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल 1997 चा, कायदा 2013 चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम 2015 चे. या नियमांत एक फार मोलाची तरतूद आहे: चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तक्रारदार मुलीचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. म्हणजे सत्ता पेनात आहे हे आयोगाला कळलंय. पण पेन काढून घ्यायचं ते तक्रारीनंतर. तक्रार करायची कुणी? जिचा प्रबंध अडकलाय तिने!

पीएच.डी.च्या 2022 च्या नियमांत, संशोधक बाईला लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसरीकडे जावं लागलं तर संशोधन सोबत नेता येईल, अशी सोय आहे. चांगली आहे. पण नियम लिहिणाऱ्यांना लग्न नाव घेऊन आठवलं. सरांचा जाच ‘अन्य कारणा’त गेला.

‘सज्ञान माणसांच्या प्रेमात विद्यापीठाने का पडावं?’ असं विचारणारे भेटतात. प्रेमात नका पडू, सहीत पडा. हार्वर्डच्या कला-विज्ञान विद्याशाखेने 2015 मध्ये प्राध्यापक आणि पदवीच्या विद्यार्थ्यांमधल्या अशा संबंधांवर सरळ बंदी घातली. आपल्याकडे निदान एवढं करा: संबंध जुळला तर त्याच आठवड्यात मार्गदर्शकाने लेखी कळवून मार्गदर्शन सोडावं. कळवायची जबाबदारी त्याची, तिची नव्हे. आणि मुलीला मार्गदर्शक बदलायचा असेल, तर जुन्याच्या संमतीची अट नको, कारणही विचारू नका. विद्यापरिषदेच्या एका बैठकीत होण्यासारखं काम आहे हे.